एनएमसी ८११ कॅथोड ४.३ व्होल्टपर्यंत आणि त्यापुढे: सी अक्ष कसा मोजायचा आणि खापर कशावर फोडायचे

निकेल जास्त असलेला कॅथोड (लिथियम बॅटरीची धन बाजू) ४.२ व्होल्टच्या वर नेला की क्षमता वाढते आणि आयुष्य घटते, हे बॅटरीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. का घटते, हे मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेले असते: ‘एच२–एच३ संक्रमणामुळे रचना कोसळते.’ ही ओळ अर्धीच खरी आहे (एच२ आणि एच३ या चार्ज वाढताना क्रमाने येणाऱ्या स्फटिक-अवस्था). सी अक्ष, म्हणजे स्फटिकाच्या थरांच्या चळतीची उंची, ढासळतो खरा, पण डिस्चार्ज केला की तो परत उभाही राहतो. परत न येणारे नुकसान वेगळे असते आणि ते बहुतांशी कणांच्या पृष्ठभागावर सुरू होते. दोन्ही गोष्टी जवळपास एकाच व्होल्टेजला घडतात, म्हणून एकीचे खापर दुसरीच्या माथी फुटते. दोन्ही वेगवेगळ्या कशा मोजायच्या, ते इथे दिले आहे. त्यासाठी ग्लव्हबॉक्स (हवा-पाण्यापासून बंद पेटी), कॉइन सेलचा (नाण्याएवढ्या बॅटरीचा) क्रिम्पर, बरा सायक्लर (चार्ज-डिस्चार्ज करणारे यंत्र) आणि तांब्याच्या नळीचे साधे एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) यंत्र पुरते, भेगा बघायला मात्र एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) लागतो.

आत काय हलते

एनएमसी ८११ मध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट ८:१:१ प्रमाणात असतात. ऑक्सिजनच्या दोन थरांमध्ये या धातूंची फळी, तिच्यावर लिथियमचा थर, पुन्हा फळी, अशी ही चळत असते. ए अक्ष फळीच्या आडव्या मापाचा, सी अक्ष चळतीच्या उंचीचा. ताज्या पावडरीत ए सुमारे २.८७ अँगस्ट्रॉम आणि सी सुमारे १४.२० अँगस्ट्रॉम असतो.

चार्ज करताना लिथियम निघते. धन भाराची ही गादी विरळ झाली की समोरासमोरचे ऑक्सिजन थर एकमेकांना ढकलतात आणि सी वाढतो, ४.० ते ४.१ व्होल्टच्या सुमारास तो १४.४५ ते १४.५० पर्यंत जातो. निम्म्याहून बरेच अधिक लिथियम निघाल्यावर गाडी उलटी फिरते. धातूंकडे द्यायला इलेक्ट्रॉन कमी उरतात आणि भार ऑक्सिजनकडून जाऊ लागतो. त्यामुळे ऑक्सिजनवरचा ऋण भार घटतो, ढकलाढकली संपते आणि लिथियमच्या जागी राहिलेली पोकळी मिटू लागते. ४.२ व्होल्टच्या आसपास हे वेगाने होते आणि ४.३ ला सी १४.० च्या घरात येतो. यालाच एच२ कडून एच३ कडे जाणे म्हणतात. ए मात्र सुरुवातीपासून आक्रसत २.८२ पर्यंत आलेला असतो. दोन्ही धरून गणित केले तर एकक घनफळ सुमारे ५ टक्क्यांनी घटते, आणि त्यातला मोठा भाग शेवटच्या दीड-दोनशे मिलीव्होल्टमध्ये.

दहा मायक्रॉनच्या एका गोळ्यात काहीशे नॅनोमीटरचे प्राथमिक कण वेडेवाकडे बसवलेले असतात. प्रत्येकाचा सी अक्ष वेगळ्या दिशेला. सगळे एकदम आक्रसले की सांध्यांवर ताण येतो, भेगा पडतात, भेगांतून इलेक्ट्रोलाइट आत शिरतो आणि पृष्ठभाग नसलेल्या जागी नवा पृष्ठभाग तयार होतो. ढासळणे आणि पृष्ठभागाचे नुकसान यांची गाठ इथे पडते.

व्होल्टेज कशाच्या तुलनेत?

कॉइन सेलमध्ये समोर लिथियम धातू असतो, बाजारातल्या सेलमध्ये ग्रॅफाइट. पूर्ण चार्ज झालेले ग्रॅफाइट लिथियमपेक्षा साधारण ०.१ व्होल्ट वर असते. म्हणजे ‘४.२ व्होल्टचा’ बाजारू सेल कॅथोडच्या दृष्टीने ४.३ च्या जवळ गेलेला असतो. या लेखातले सगळे आकडे लिथियमच्या तुलनेत आहेत. दोन शोधनिबंधांची तुलना करताना ही खातरजमा आधी करा, कारण एच२–एच३ ची सगळी मजा याच शंभर मिलीव्होल्टमध्ये आहे.

इलेक्ट्रोड

दोन ग्रॅम घन पदार्थाची स्लरी (दाट घोळ) घ्या: एनएमसी १.८८ ग्रॅम, वाहक कार्बन ०.०६ ग्रॅम, पीव्हीडीएफ (चिकटवणारा पॉलिमर) ०.०६ ग्रॅम. पीव्हीडीएफचे एनएमपी या द्रावकातले ५ टक्क्यांचे द्रावण आधीच करून ठेवले असेल तर ते १.२ ग्रॅम लागते. त्यात आधी कार्बन मिसळा, गाठी मोडल्या की मग एनएमसी घाला आणि वरून सुमारे ०.५ ग्रॅम एनएमपी टाकून मधासारखा दाटपणा आणा. एनएमपी प्रजननक्षमतेला घातक आहे. हातमोजे आणि धूरकपाट हवेच.

स्लरी अचानक जेलीसारखी थिजली तर चूक मिश्रणाच्या प्रमाणात नसते. निकेलयुक्त पावडर हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड खाते, पृष्ठभागावर लिथियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट जमते, आणि या अल्कलीने पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लोराइड सुटून त्याच्या साखळ्या एकमेकींत अडकतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात डबी दहा मिनिटे उघडी राहिली तरी फरक जाणवतो. पावडर ग्लव्हबॉक्समध्येच ठेवा, वापरण्यापूर्वी निर्वात ओव्हनमध्ये १२० अंशांवर रात्रभर सुकवा आणि स्लरी बंद डब्यात फेटा. थिजलेल्या स्लरीत एनएमपी वाढवून ती वाचवण्याच्या फंदात पडू नका. असा इलेक्ट्रोड पहिल्या दिवसापासून खराब पृष्ठभाग घेऊन येतो, आणि आपल्याला मोजायचा तोच तर आहे.

१५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर २०० मायक्रॉनच्या फटीने कोटिंग ओढा, ८० अंशांवर वाळवा, वजन करा आणि दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १० मिलिग्रॅम एनएमसी बसेपर्यंत फट कमीजास्त करा. मग १२० अंशांवर निर्वातात १२ तास. कॅलेंडरमधून (दाबणाऱ्या रोलरमधून) काढल्यावर कोटिंगची घनता ३ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे जाडी ३५ मायक्रॉनच्या जवळ यायला हवी. त्याहून जास्त दाबले तर गोळे रोलरखालीच फुटतात. म्हणून एसईएमचा पहिला फोटो दाबलेल्या पण सायकल न केलेल्या इलेक्ट्रोडच्या छेदाचा काढून ठेवा. तो नसेल तर पन्नास सायकलींनंतर दिसलेली भेग कोणाची, हे कधीच सांगता येणार नाही.

१२ मिलिमीटरच्या चकत्या पाडा. हिशेब असा: चकतीचे एकूण वजन १६.२ मिलिग्रॅम, त्यातले फॉइल ४.६, उरले ११.६, त्याचे ९४ टक्के म्हणजे १०.९ मिलिग्रॅम एनएमसी. १सी (तासाभरात पूर्ण चार्ज करणारा प्रवाह; हा सी म्हणजे अक्ष नव्हे) म्हणजे ग्रॅमला २०० मिलीअँप धरले तर या चकतीसाठी २.१८ मिलीअँप, आणि सी/२० म्हणजे ०.१०९ मिलीअँप. वजनात ०.१ मिलिग्रॅम चुकले तर क्षमतेत जवळपास एक टक्का चूक होते. कोऱ्या फॉइलच्या पाच चकत्या तोलून त्यांची सरासरी वापरा, डब्यावर छापलेल्या जाडीवर विसंबू नका.

सेल बांधताना

सीआर २०३२ ची धन वाटी अ‍ॅल्युमिनियमचा अस्तर असलेली घ्या. साध्या स्टीलची वाटी ४.३ व्होल्टच्या वर हळूहळू गंजते, आणि तो प्रवाह चार्जच्या हिशेबात मिसळून कॅथोडचा वाटतो. वाटी, कॅथोड, १९ मिलिमीटरचा सेपरेटर, ६० ते ८० मायक्रोलिटर इलेक्ट्रोलाइट, १४ मिलिमीटरची लिथियम चकती, स्पेसर, स्प्रिंग, झाकण, हा क्रम. लिथियम कॅथोडपेक्षा मोठे हवे, म्हणजे कड उघडी राहत नाही. इलेक्ट्रोलाइट म्हणून एथिलीन कार्बोनेट आणि एथिल मेथिल कार्बोनेट वजनाने ३:७ आणि त्यात १ मोलर लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट. पाणी २० पीपीएमच्या खाली ठेवा. हे मीठ पाण्याशी मिळून हायड्रोफ्लोरिक आम्ल करते आणि ते आम्ल धातू विरघळवते. मीठ बदलून इमाइड वर्गातले घेण्याचा मोह टाळा. त्यात अ‍ॅल्युमिनियमवर संरक्षक थर बसत नाही आणि फॉइलच कुरतडले जाते.

प्रत्येक बॅचमध्ये एक सेल कॅथोडशिवाय, नुसत्या फॉइलच्या चकतीने बांधा. तो ४.५ व्होल्टवर दहा तास धरा. गळतीचा प्रवाह सी/२० च्या एक टक्क्याच्या, म्हणजे सुमारे १ मायक्रोअँपच्या खाली आला नाही, तर त्या बॅचच्या उच्च व्होल्टेजच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. हा सेल फारसे कोणी बांधत नाही. बांधला तर निम्म्या शंका तिथेच मिटतात.

डीक्यू/डीव्ही (व्होल्टेजच्या प्रत्येक पायरीला किती भार गेला) वाचणे

सेल बंद केल्यावर दहा तास विसावू द्या. मग २५ अंश स्थिर तापमानात ३.० ते ४.३ व्होल्ट, सी/२० ने दोन सायकली. नोंद वेळेनुसार न घेता व्होल्टेजनुसार घ्या, दर २ ते ५ मिलीव्होल्टला एक बिंदू. नुसती वेळेनुसार नोंद घेतली तर सपाट भागात बिंदूंचा ढीग होतो आणि भागाकारात खोटी टोके उगवतात. ती गुळगुळीत करायला जाल तर खरा पीकही (आलेखातले खरे टोक) पसरेल.

चार्जमध्ये तीन ठळक पीक दिसतात: ३.७ च्या आसपास एच१ कडून एम (या एच२ च्या आधीच्या अवस्था), ४.० जवळ एम कडून एच२ आणि ४.२ जवळ एच२ कडून एच३. तिसरा उंच आणि अरुंद असेल तर पावडर चांगली आहे. पहिल्या चार्जला ग्रॅममागे २२० ते २३० एमएएच जातात आणि २०० च्या आसपासच परत येतात. ही तूट बघून ‘रचना बिघडली’ असे लिहू नका. कॅथोड लिथियमने भरत आला की आतली हालचाल मंदावते, म्हणून शेवटचे लिथियम वेळेत आत जात नाही. ३.० व्होल्टवर धरून ठेवले की त्यातले बरेच परत मिळते.

जुना सेल तपासताना तिसऱ्या पीककडे दोन प्रकारे बघा. पीक उजवीकडे सरकला आहे, पण त्याखालचे क्षेत्रफळ तेवढेच आहे, तर रोध वाढला आहे आणि रचना शाबूत आहे. क्षेत्रफळ घटले असेल तर सी/५० ने एक सायकल घ्या. सावकाश चालवल्यावर क्षेत्रफळ परत आले, तर दोष पुन्हा गतीचाच. नाही आले, तर पदार्थाचा काही भाग एच३ पर्यंत पोहोचायचेच थांबला आहे. केंब्रिजच्या क्लेअर ग्रे यांच्या गटाने २०२१ मध्ये हेच दाखवले: पृष्ठभागावर बदललेला थर आणि आतले जालक (स्फटिकाची मूळ जाळी) यांच्या सांध्यावर ताण राहतो आणि काही कण अर्ध्या वाटेवर अडकून बसतात.

सी अक्षाचा आकडा

चार्ज केलेला सेल उघडताना सगळ्यात जास्त चुका होतात. पक्कड धातूची असेल तर वाटी आणि झाकण एका क्षणासाठी जोडले जातात, सेल शॉर्ट होतो आणि ४.३ व्होल्टचा नमुना हातात येईपर्यंत ४.३ चा राहत नाही. जबडे इन्सुलेट केलेले किंवा सिरॅमिकचे हवेत. उघडण्यापूर्वी आणि कॅथोड वेगळा होण्याच्या आधी मीटरने व्होल्टेज बघून वहीत लिहा. कॅथोड डायमेथिल कार्बोनेटमध्ये दोनदा, प्रत्येकी मिनिटभर बुडवा, नाहीतर मिठाचे स्फटिक पॅटर्नमध्ये (एक्सआरडीच्या आलेखात) येतात. ग्लव्हबॉक्समध्येच काप्टनच्या (किरण आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकच्या) हवाबंद घुमटाखाली बसवा. काप्टनचा पसरट उंचवटा येतो, तो कोऱ्या घुमटाचा पॅटर्न घेऊन वजा करायचा.

तांब्याच्या किरणांत (००३), म्हणजे थरांमधले अंतर दाखवणारा, पीक कुठे असायला हवा ते पाहा. ताज्या इलेक्ट्रोडमध्ये सी १४.२० असताना टू-थीटा (किरण वळण्याचा कोन) १८.७३ अंश. सी सर्वात लांब, १४.४७ असताना १८.३८. आणि ४.३ व्होल्टला सी १४.०० झाला की १९.००. म्हणजे पीक आधी डावीकडे जातो आणि मग झपाट्याने उजवीकडे येतो. (११०), म्हणजे ए अक्ष दाखवणारा पीक, मात्र ६४.९ वरून एकाच दिशेने ६६.२ कडे सरकत राहतो.

सगळा खेळ अर्ध्या-पाऊण अंशाचा, म्हणून नमुन्याची उंची महत्त्वाची. १५० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रात नमुना ०.१ मिलिमीटर खाली बसला तर (००३) जवळ ०.०७५ अंशांची चूक होते आणि सी मध्ये सुमारे ०.०५७ अँगस्ट्रॉमची. घुमट, चकती आणि खालचे मेण यांत ०.१ मिलिमीटर सहज जातो. इथे फॉइल कामी येते. कोटिंग खरवडू नका. अ‍ॅल्युमिनियमचा (१११) पीक ३८.५ जवळ बारीक का होईना दिसतो, त्याला पक्के धरून बाकीचे पीक दुरुस्त करा. फॉइल कोटिंगखाली ३५ मायक्रॉनवर असते, पण ती चूक सगळ्या नमुन्यांत सारखी असते, त्यामुळे तुलना बिघडत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे ४४.७ आणि ६५.१ वरचे पीक मात्र शत्रू आहेत. पहिला एनएमसीच्या (१०४) या पीकवर बसतो आणि दुसरा (११०) च्या वाटेत आडवा येतो, तोही नेमका चार्जच्या सुरुवातीला. (००३) आणि (१०४) च्या उंचीचे गुणोत्तर काढून निकेल-लिथियमची अदलाबदल सांगण्याची जी प्रथा आहे, ती फॉइलवरच्या नमुन्याला लावलीत तर अ‍ॅल्युमिनियमचेच माप सांगाल. आणि दाबलेल्या इलेक्ट्रोडमध्ये कणांची दिशाही ते गुणोत्तर बदलते.

आणखी एक गोष्ट फार क्वचित विचारात घेतली जाते. ९ अंशांच्या तिरक्या कोनातून येणारे किरण फार खोल जात नाहीत. अशा कोटिंगमध्ये (००३) ची सुमारे ९० टक्के माहिती वरच्या १० मायक्रॉनमधून येते. सी/२० ला वरचे आणि खालचे सारखेच असते. १सी ने चार्ज करून लगेच नमुना काढलात तर सेपरेटरजवळचा थरच दिसेल. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवर (मोबाईलच्या बॅटरीतल्या कॅथोडवर) काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: तांब्याचे किरण कोबाल्टला चमकवतात आणि पार्श्वभूमी चढते. डिटेक्टरची ऊर्जामर्यादा वर करा किंवा मॉलिब्डेनमची नळी वापरा. निकेल तांब्याच्या किरणांनी चमकत नाही.

चालू सेलमध्येच मोजायचे असेल तर वाटीला भोक पाडून काप्टन लावण्याची युक्ती सगळे करतात. भोकाखाली दाब नसतो, म्हणून किरण नेमका तिथल्या मागे पडलेल्या कॅथोडवर पडतो. व्होल्टेज ४.३ दाखवते आणि पॅटर्नमध्ये एच२ शिल्लक. त्याला ‘निष्क्रिय प्रावस्था’ (न बदलणारी स्फटिक-अवस्था) म्हणण्याआधी भोक ३ मिलिमीटरपर्यंत लहान करा, किंवा आतून कडक खिडकी द्या. बेरिलियमची खिडकी उच्च व्होल्टेजला गंजते आणि तिचे ऑक्साइड विषारी आहे. मधे अ‍ॅल्युमिनियम फॉइल ठेवल्याशिवाय वापरू नये. वेळेचा हिशेबही आधी करा. सी/२० ला अर्ध्या तासाचा स्कॅन म्हणजे दर पॅटर्नला ग्रॅममागे ५ एमएएच. त्यामुळे पूर्ण स्कॅन घेण्याऐवजी १७ ते २०.५ आणि ६३ ते ६८ हे दोनच पट्टे घ्या.

एक्सआरडीला न दिसणारे

खूप चार्ज झालेल्या कॅथोडच्या पृष्ठभागावरून ऑक्सिजन सुटतो आणि थरांची रचना आधी स्पिनेल या खनिजासारखी, मग निकेल ऑक्साइडसारखी सैंधव (मिठाच्या स्फटिकासारखी) रचना होते. जाडी काही नॅनोमीटर. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील गॅस्टायगर यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की एनएमसी ८११ मध्ये ऑक्सिजन ४.३ व्होल्टच्या आसपासच सुटू लागतो, तर एनएमसी १११ मध्ये (तिन्ही धातू समान) ४.७ जवळ. व्होल्टेज वेगळे, पण दोन्हीकडे लिथियम जवळपास ८० टक्के निघालेले असते. ८११ ला ४.३ ला एच३ आणि ऑक्सिजन एकत्र भेटतात, तो हा योगायोग.

हा थर बघायला टीईएम (आरपार बघणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) लागतो, पण इलेक्ट्रॉनचा झोत स्वतःच सैंधव रचना तयार करतो. म्हणून ताज्या पावडरीवर तेवढ्याच मात्रेचा झोत मारून नियंत्रण नमुना घ्या. टीईएम नसेल तर रोध मोजा, तोही लिथियम वगळून. एकाच स्थितीतले दोन कॅथोड समोरासमोर ठेवून सममित सेल बांधा आणि इम्पिडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा रोध) घ्या. लिथियमसमोर मोजलेल्या इम्पिडन्सच्या आलेखातल्या अर्धवर्तुळात लिथियमचा वाटा किती, हे सांगता येत नाही.

तीन गट

आता मूळ प्रश्न: नुकसान ढासळण्यामुळे की पृष्ठभागामुळे? प्रत्येक गटात किमान तीन सेल. अ गट: ३.० ते ४.३ व्होल्ट, सी/३, ५० सायकली. ब गट: एकदा ४.३ ला नेऊन तिथेच धरायचे. किती वेळ? अ गटाच्या नोंदीतून ४.१५ च्या वर घालवलेला सगळा वेळ, चार्ज आणि डिस्चार्ज दोन्हींचा, बेरीज करा; तेवढेच तास. क गट: ४.१ पर्यंतच ५० सायकली, म्हणजे एच२–एच३ ओलांडायचाच नाही. शेवटी सगळे कॅथोड काढा, धुवा, नव्या लिथियमसमोर नव्या सेलमध्ये बांधा आणि सी/२० ने ३.० ते ४.३ तपासा. जुने लिथियम ठेवले तर अर्धी घट त्याचीच निघते.

ब गटाने अ इतकेच गमावले, तर दोष उच्च व्होल्टेजवरच्या वेळेचा, म्हणजे पृष्ठभागाचा. लेप आणि इलेक्ट्रोलाइट बदलून बघा. अ ने ब पेक्षा बरेच जास्त गमावले आणि छेदात भेगा आहेत, तर आक्रसण्या-पसरण्याचा. तिथे २ ते ४ मायक्रॉनचे एकस्फटिक कण किंवा अ‍ॅल्युमिनियम, झिर्कोनियम, टंगस्टन यांसारख्या धातूंचे अल्प मिश्रण उपयोगी पडते. क गट जवळजवळ शाबूत राहायला हवा. तोही घटला असेल तर आधी स्लरी, पाणी आणि वाटी तपासा, कॅथोडचा विचार नंतर. आमच्या मते चांगल्या पॉलिक्रिस्टलाइन (अनेक कणांच्या गोळ्यांच्या) पावडरीत दोन्ही दोष सापडतात, आणि फक्त एकच सापडला तर गटांची वेळ नीट जुळवली होती का, ते पाहावे.

हेच उंबरठे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडला लावू नका. तिथे ३.९ ला दोन प्रावस्था सोबत असतात, ४.१ ते ४.२ मध्ये लिथियम रांगेत बसून रचना थोडी तिरपी होते, आणि ४.५५ च्या आसपास ऑक्सिजनच्या फळ्या प्रत्यक्ष सरकून एच१-३ प्रावस्था येते. तिचे भाकीत व्हॅन डर व्हेन आणि सेडर यांनी १९९८ मध्ये गणिताने केले होते. मोबाईलच्या बॅटरीवर ४.४ ते ४.५ व्होल्टची मर्यादा छापलेली दिसते (हा आकडा मात्र ग्रॅफाइटच्या तुलनेतला), ती याच उंबरठ्याच्या आसपास थांबण्याची कसरत आहे.

सिंक्रोट्रॉनची (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्राची) वेळ मिळाली, उदाहरणार्थ इंदूरच्या इंडस-२ वर, तर कॉइन सेलऐवजी लहान पाऊच (चपट्या पिशवीतले) सेल न्या. आरपार मोजता येते आणि दाब सगळीकडे सारखा राहतो. प्रवासात सेल चार्ज न केलेले ठेवा, प्रत्येक स्थितीसाठी दोन जादा घ्या, आणि झोताखाली व्होल्टेज हलते का हे पाहायला एक सेल झोताबाहेर त्याच चॅनलच्या शेजारी चालू ठेवा.